खापर फुटलं त्याची गोष्ट, आणि गोष्ट म्हणजे नेमकं काय असतं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत भाचा आला होता, आता दहावीला जाईल, सोबत मराठी व्याकरणाचं गाईड. दुपारी सगळे आमरस खाऊन आडवे झालेले आणि हा ओट्यावर बसून घोकतोय, दोन वस्तूंतलं साम्य चमत्कृतिपूर्ण रीतीने सांगितलं की उपमा, उपमेय जणू उपमानच आहे असं वाटलं की उत्प्रेक्षा, दोघांत भेदच राहिला नाही की रूपक. दहाएक वेळा म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणतो, मामा, यात चमत्कार कुठंय?

खरं सांगायचं तर मलापण शाळेत कधी दिसला नव्हता. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पण ही व्याख्या घोकत बसलेला पोरगा पाच मिनिटांपूर्वीच आईला सांगत होता की वरच्या खोलीत भट्टी लागलीय, तिथे नाही झोपणार. वर कसली भट्टी, वर पत्रे आहेत आणि बाहेर पारा ४५ला टेकलेला. म्हणजे रूपक त्याच्या तोंडात होतं आणि तो ते गाईडमध्ये शोधत होता.

तर त्याला म्हटलं गाईड ठेव बाजूला, तुला मी खापराची गोष्ट सांगतो. ही आमच्याच घरची आहे, अमळनेरकडच्या गावातली, मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. आधी मुद्दाम वाईट सांगितली, अशी:

आखाजी होती. मोठी माय मांडे करत होती. खापर फुटलं. मग शेजारच्या काकूंचं खापर आणलं. सगळे जेवले.

भाचा म्हणे, बरं मग?

हा "बरं मग" लई महत्त्वाचा आहे. ऐकणारा बरं मग म्हणाला की समजायचं आपण बातमी दिली, गोष्ट सांगितली नाही. सगळं खरं आहे, क्रम बरोबर आहे, तरी गोष्ट नाही. का नाही?

ज्यांनी मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर पालथं घालतात, खाली पऱ्हाट्यांचा जाळ, आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणपोळी भाजतात. पण पोळी लाटून नाही, कणिक इतकी मळलेली की रबरासारखी ताणली जाते, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करत न्यायची, कोपरापर्यंत येते, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकायची. फाटली की गेली. ज्या बाईला हे जमतं तिचा आमच्याकडे वट असतो, आणि मोठी मायचा होता. हे माहीत नसेल तर "खापर फुटलं" हे वाक्य म्हणजे एक भांडं फुटलं, बस. याला म्हणतात वातावरण किंवा स्थळकाळ. गाईडमध्ये ते दोन ओळीत उरकतात, गाव कोणतं काळ कोणता, पण स्थळकाळाचं खरं काम हे की कुठली गोष्ट किती महाग आहे ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे.

दुसरं, पात्र. पात्र म्हणजे गोरी का काळी, उंच का बुटकी, ते नाही. तिला काय पाहिजे ते. मोठी मायच्या लेकीचं त्याच वर्षी लग्न झालेलं, जावई पुण्याचा, लेकीला न्यायला पहिल्यांदाच आखाजीला आला होता, आणि मोठी मायने आधीच लेकीमार्फत निरोप धाडला होता की "मना हातना मांडा" खाल्ल्याशिवाय हलायचं नाही. झालं. आता त्या बाईला काहीतरी पाहिजे आहे आणि तिने ते चार लोकांत बोलून ठेवलंय. इथून पुढे तिचं काहीही बिघडलं तरी आपण ऐकणार.

तिसरं, अडचण, म्हणजे संघर्ष. खापर फुटलं ही अडचण आहेच पण ती छोटी. गल्लीत दुसरं खापर होतं ना, शेजारच्या काकूंकडे, त्यांचे मांडे सकाळीच उरकलेले, खापर मोकळं. पण त्या काकूंशी मोठी मायचा वर्षभर अबोला. कारण काय, तर भांडी घासल्याचं पाणी. आमचं पाणी त्यांच्या दारात जायचं, एकदा त्या बोलल्या, एकदा मोठी माय बोलली, मग दोघी बोलायच्याच बंद झाल्या. म्हणजे आता खरा पेच असा की एकतर पुण्याच्या जावयाला साधी पोळी वाढा, नाहीतर त्या दारात जा. खापर फुटणं हा नुसता प्रसंग, संघर्ष तो या दोन नकोशा वाटांमध्ये आहे.

आणि मग कथानक. इथे लोक फार गोंधळतात. प्रसंगांची माळ म्हणजे कथानक नाही. एक सोपी टेस्ट आहे, दोन प्रसंगांच्या मधे काय शब्द बसतो ते बघायचं. "आणि मग" बसला तर ती डायरी. "म्हणून" नाहीतर "पण" बसला तर गोष्ट. जावई येणार म्हणून मांड्यांचा घाट घातला, पण खापर फुटलं, म्हणून शेजारी जायची वेळ आली, पण अबोला, म्हणून स्वतः न जाता पोराला पाठवलं. पोरगा म्हणजे मी. एक कडी काढली की पुढची गळते. ॲरिस्टॉटलने नाटकाबद्दल लिहिताना कथानकाला पहिला नंबर दिला आणि पात्रांना दुसरा, आणि म्हणाला की गोष्टीला आरंभ, मध्य, शेवट पाहिजे, जे ऐकायला फार बाळबोध वाटतं, पण त्याचा अर्थ हाच की आधीच्यातून पुढचं निघालं पाहिजे आणि शेवट असा पाहिजे की त्याच्यानंतर काही लागत नाही.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात हेच पाच टप्प्यांत सांगितलंय, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. नावं ऐकून घाबरायचं काम नाही. जावयाला मांडा खाऊ घालायचा असं मनात आलं तो आरंभ. पहाटे उठून पुरण शिजवलं, कणिक तिंबली तो प्रयत्न. पहिले चार मांडे फर्स्टक्लास उतरले, आता होईल असं वाटतंय पण धाकधूक आहे, ती प्राप्त्याशा, आणि नेमकं तिथेच टण्णकन आवाज आला. मग अडथळा दूर झाला, आता होणारच, ती नियताप्ति. मांडा ताटात पडला तो फलागम. मला यात प्राप्त्याशा सगळ्यात आवडते, आशा आणि भीती एकाच जागी, कारण सस्पेन्स सस्पेन्स म्हणतात तो सगळा याच टप्प्यावर असतो. वेबसिरीजवाले एपिसोड कुठे तोडतात बघा.

आता निवेदक, म्हणजे सांगतोय कोण. हीच गोष्ट जावयाने सांगितली तर कशी होईल? तो बाहेर खाटेवर, पोटात कावळे, आतून एक आवाज, मग एकदम शांतता, बायको बाहेर येऊन म्हणते थोडा वेळ लागेल, आणि कोणीच काही सांगत नाही. ती सस्पेन्सची गोष्ट झाली, थोडी विनोदी. काकूंनी सांगितली तर ती मानाची गोष्ट होईल, शेवटी आलीच ना माझ्या दारात. आणि आमच्या पारावर एक नाना बसायचे, त्यांना बंद दारामागचं पण सगळं माहीत असायचं, कोण मनात काय म्हणालं तेसुद्धा, त्यांनी सांगितली तर त्याला पुस्तकात सर्वज्ञ निवेदक म्हणतात. मी सांगतोय तर मला दिसलं तेवढंच येणार, आणि मला लपवायचं असेल ते मी लपवणार. प्रथमपुरुषी निवेदकावर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नये. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला, पण का सांगतोय ते त्याला तेव्हा कळलं नाही.

बरं, अलंकारांकडे येऊ. लोकांना वाटतं अलंकार म्हणजे आधी साधं वाक्य लिहायचं आणि मग त्याला दागिने घालायचे, नाव पण तसंच पडलंय म्हणा. पण बोलताना असं कोणी करतं का? कापसाचा भाव पडला म्हणतो, भाव काय झाडावर बसला होता का? नदीचं पात्र, डोंगराचा पायथा, बाटलीचं तोंड, केळीची फणी. ही फणी तर मला लई आवडते, कोणीतरी कधीतरी केळीच्या घडाकडे पाहिलं आणि त्याला केस विंचरायची फणी दिसली, बास, तेव्हापासून रावेर-यावलचा सगळा बाजार फणीच म्हणतो आणि कोणाला फणी दिसत नाही. ही रूपकंच आहेत, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. भाषा अर्धी अशाच गुळगुळीत रूपकांची बनलेली असते.

उपमेचे चार भाग असतात: ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी तुलना ते उपमान, दोघांत सारखं काय तो साधारण धर्म, आणि जसा, सारखा, परी असा जोडणारा शब्द. खान्देशात बसून उपमा समजावताना बहिणाबाई चौधरींना टाळून कसं चालेल. "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर". संसार उपमेय, तवा उपमान, जसा हा जोडशब्द, आणि साधारण धर्म त्या पुढे सांगतात, आधी हाताला चटके मग भाकर. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये. बाईने उपमा अलंकार शिकला नव्हता, तवा रोज समोर होता. संसाराला सागर म्हणणारे पुष्कळ झाले, त्यातल्या कितीजणांनी सागर बघितला होता देव जाणे. आणि "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर" यात जसं गळालंय बघा, मन ढोरासारखं आहे असं नाही, मन म्हणजे ढोरच. म्हणून ते रूपक. ज्याने एकदा तरी उभ्या ज्वारीतून ढोर हाकललंय त्याला कळतं की इथे ढोर हाच शब्द का, हाकललं की जातं आणि पाठ वळली की परत तिथेच.

मला यातून एकच गोष्ट कळली आणि ती मी भाच्याला चारदा सांगितली असेल: उपमान कुठून आणलं त्यावरून बोलणारा कोण ते कळतं. जावई जेवताना म्हणाला की मांडा टिश्यू पेपरसारखा आहे. काकू म्हणाल्या लुगड्याच्या पदरासारखा. मला तेव्हा वाटलं होतं की मोठी मायच्या हातावर जणू कोणी धोतर वाळत घातलंय (जणू आला, म्हणजे उत्प्रेक्षा, हीच ती, घ्या). मांडा एकच, पण तिघांनी आपापलं घर उघडून दाखवलं. त्यामुळे लिहिताना पात्राच्या तोंडी उपमा द्यायची तर त्याच्या खिशात, त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या शेतात काय आहे ते आधी बघायचं. ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी कमळ नको.

बाकीचे अलंकार पटापट. निर्जीवाला माणसासारखं वागवलं की चेतनगुणोक्ती, आमचे धरणगावचे बालकवी, १८९० चा जन्म, त्यांचा औदुंबर पाण्यात पाय टाकून बसतो, झाड बसतं म्हणजे काय ते एका ओळीत दिसतं. फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती, इतकं ऊन की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते, आणि ही मे महिन्यात भुसावळला कितपत अतिशयोक्ती आहे यावर वाद होऊ शकतो. हे ऊन नाही, भट्टी आहे, असं मूळ वस्तूच नाकारली की अपन्हुती. मलमलपेक्षा मांडा पातळ, म्हणजे उपमानाला हरवलं, तो व्यतिरेक. अनुप्रास यमक वगैरे कानाचे खेळ, ते मोठ्याने वाचलं की आपोआप कळतात, त्याला समजावून सांगायची गरज नाही. भरताने तर एकूण चारच अलंकार सांगितले होते, उपमा, रूपक, दीपक, यमक, नंतरच्या पंडितांनी वाढवत वाढवत पोरांच्या डोक्याला ताप केला.

पण एक गोष्ट आहे जी गाईडमध्ये शेवटच्या पानावर टाकतात आणि सगळ्यात आधी पाहिजे, ती म्हणजे शब्दशक्ती. शब्दाला अर्थ तीन वाटांनी येतो. सरळ अर्थ ती अभिधा. खापर म्हणजे मातीचं भांडं, संपलं.

सरळ अर्थ अडला की मग लक्षणा. भुसावळ तापीवर आहे म्हणतो, अमळनेर बोरीवर, धुळं पांझरेवर. नदीवर गाव? बुडेल ना. सरळ अर्थ घेता येत नाही म्हणून आपण जवळचा अर्थ घेतो, काठावर. जुन्या संस्कृत ग्रंथांत हेच उदाहरण गंगेचं आहे, गंगेवर गवळीवाडा, हजार वर्षं तेच चालू आहे. काश्मीरचा मम्मट अकराव्या शतकात याचे तीन नियम सांगून गेला: सरळ अर्थ अडला पाहिजे, नवा अर्थ त्याच्याशी कुठेतरी जोडलेला पाहिजे, आणि तसं बोलायची एकतर रूढी पाहिजे नाहीतर काहीतरी हेतू. आता घ्या, "त्याने माझ्या डोक्यावर खापर फोडलं". डोक्याला टाका पडला नाही, रक्त नाही, भांडं तर नाहीच. दोष माझ्यावर ढकलला एवढंच. ही रूढी, सगळे म्हणतात म्हणून आपण म्हणतो.

आणि तिसरी व्यंजना, माझी सगळ्यात लाडकी. इथे सरळ अर्थ अजिबात अडत नाही, पूर्ण बरोबर बसतो, पण खरं बोलणं त्याच्या मागे असतं. रात्री दोनला बाप अंधारात म्हणतो, "लाईट आली". वाक्यात काही वाकडं नाही, लाईट खरंच आलीय. पण खाटेवरच्या पोराला ऐकू येतं की उठ, शेतात जा, मोटर चालू कर. तेच वाक्य बाळंतिणीला ऐकू येतं की पंखा सुरू झाला, लेकरू झोपेल. वाक्य एक, ऐकणारा बदलला की अर्थ बदलला. नवव्या शतकात आनंदवर्धन यालाच ध्वनी म्हणाला आणि त्याचं म्हणणं की काव्याचा जीव यातच आहे, बाकी अलंकार वरचे. मला पटतं. गोष्टीतले डायलॉग लिहिणाऱ्याने तर हे भिंतीवर चिकटवून ठेवावं, कारण खरी माणसं मनातलं सरळ बोलतच नाहीत, निदान आमच्या घरात तरी नाही. रागावलेली बाई "मला राग आलाय" म्हणत नाही, ती भांडी जोरात ठेवते.

भाचा इतका वेळ ऐकत होता, मग म्हणे ते राहू द्या, काकूंनी खापर दिलं का?

बघा, पोरगं अडकलं.

मी गेलो काकूंच्या दारात. काय बोलायचं ते येईना, म्हटलं मोठी मायचं खापर फुटलं. एवढंच. द्या असं म्हणालोच नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि मला वाटलं आता ओरडणार, तर त्या डोक्यावर चुंबळ ठेवून वरती खापर घेऊन बाहेर आल्या. पोराच्या हातात द्यायला त्यांना भरवसा वाटला नसेल. अख्ख्या गल्लीतून भर उन्हात त्या खापर डोक्यावर घेऊन आमच्याकडे आल्या, पत्ते कुटत बसलेली माणसं मान वर करून बघायला लागली, घरात आल्या, खापर चुलीवर पालथं घातलं, जाळ नीट केला आणि तिथेच बसल्या. कोणी कोणाला या म्हटलं नाही. थोड्या वेळाने मोठी माय म्हणाली, पुरण सैल झालंय का बघा. काकूंनी चिमूट घेऊन पाहिलं, म्हणाल्या, नाही, बरोबर आहे. वर्षभराचा अबोला मोडला तो या दोन वाक्यांत. सांडपाण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतरही नाही, पण पुढच्या आठवड्यात आमच्या मोरीला पाईप बसला.

मग जेवणं झाली, जावई तीन मांडे खाऊन निपचित पडला. कोणीतरी विचारलं की चांगलं खापर फुटलं कसं काय. मोठी माय म्हणाली, आजकालचे कुंभार माती नीट मळत नाहीत. आता ते खापर तिच्या आईने तिला लग्नात दिलेलं, ज्याने केलं तो कुंभार कधीच वारला होता.

"पण मामा, मग फुटलं कसं?"

हे मी त्याला आतापर्यंत सांगितलं नव्हतं आणि तुम्हालाही नाही. पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं तर ती वात्रट पोराची गोष्ट झाली असती आणि तुम्ही पूर्ण वेळ माझ्यावर रागावून ऐकली असती. काय, कधी, किती उशिरा सांगायचं, हे सांगणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार. पाचवा मांडा टाकायच्या आधी मोठी माय पुरण घ्यायला वळली होती. चुलीचा जाळ बाहेर यायला लागला, मला वाटलं पेटेल काहीतरी, मी तांब्यातलं पाणी हबकलं. जाळावर मारलं ते तापलेल्या खापरावर गेलं. टण्ण. ती वळली तेव्हा तांब्या खाली होता आणि मी दारात.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती, पायाला तेल लावत. मी समोरून जायला लागलो तर हाक मारली. वर बघितलं पण नाही. म्हणाली,

"जाय, पानी पी ले आते. उरनं व्हई ते." म्हणजे जा, पाणी पी आता, उरलं असेल तर.

भाच्याने गाईड बंद केलं आणि म्हणाला, तिला माहीत होतं.